किल्ली काढल्यानंतरची धडधड

१. प्रश्न

जुनी मोटारगाडी बाळगणाऱ्या मनुष्याला, मग ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी असो वा बंगालमधील उत्तरपाड्याची अँबॅसडर असो, केव्हा ना केव्हा एक प्रश्न पडतोच, आणि तो विचारताना त्याच्या स्वरात कुतूहलापेक्षा धास्तीच अधिक असते. वैशाखातल्या दुपारी घाट चढून, किंवा शहराच्या गर्दीत तासभर रखडून, गाडी दारी येते, मालक किल्ली फिरवून ती काढून घेतो, दिवे विझतात, आणि इंजिन मात्र थांबत नाही. ते अडखळते, सारी गाडी हादरवते, क्षणभर निमाल्यासारखे वाटते आणि पुन्हा चार ठोके देते. कधी हा प्रकार पाच-सात सेकंदांत आटोपतो, तर कधी अर्धा मिनिट चालतो. किल्ली तर माझ्या मुठीत आहे, मग हे इंजिन चालते आहे कोणाच्या हुकुमाने, असा तो प्रश्न आहे.

गॅरेजात याला ‘रन-ऑन’ किंवा ‘डिझेलिंग’ म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी निदान ऐकण्यापूर्वीच उपाय सांगितला जातो: “कार्बन धरलाय, हेड खोलावं लागेल.” काजळीवरचा हा आरोप सर्वस्वी खोटा नाही, परंतु तपासाच्या आरंभीच तो ग्राह्य धरणे हे खर्चाचे आणि पुष्कळदा निष्फळ ठरते. या विकाराची कारणे अनेक आहेत, त्यांतील बहुसंख्य इंजिनाच्या बाहेरच सापडतात, आणि त्यांपैकी जे सर्वांत सामान्य आहे, ते म्हणजे दुसराच एखादा दोष झाकण्यासाठी कोणीतरी फिरवून ठेवलेला एक लहानसा स्क्रू, हे माझे प्रतिपादन आहे. ते पटण्यासाठी किल्ली काय करते आणि काय करत नाही, येथून आरंभ केला पाहिजे.

२. किल्लीचा अंमल कोठवर चालतो

निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने १८७६ मध्ये जे चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले, त्याचाच क्रम आपल्या जुन्या पेट्रोल गाडीतही चालतो. पिस्टन खाली येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो. वर जाताना ते दाबतो. दाबाच्या अखेरीस प्लगवर ठिणगी पडून मिश्रण पेटते आणि पिस्टनला खाली लोटते. आणि पुन्हा वर येताना पिस्टन जळलेला वायू बाहेर काढतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो.

यांतील ठिणगी तेवढी विजेच्या ताब्यात असते. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून कॉइलमध्ये जातो. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट उघडताच तो खंडित होतो आणि त्या खंडनाच्या क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन प्लगवर ठिणगी उडते. किल्ली बंद केली की कॉइलचा प्रवाह तुटतो, ठिणगी थांबते, आणि तिच्या अंमलाची हद्द तेथेच संपते.

कार्बोरेटरला किल्लीची वार्ताच नसते. तो केवळ ओढ जाणतो: जोवर पिस्टन खाली येतो आहे तोवर हवा आत जाणार, आणि हवा गेली की जेटमधून पेट्रोलही तिच्याबरोबर जाणार. म्हणजे किल्ली काढल्यानंतरही, फिरत्या इंजिनात मिश्रण येणे आणि ते दाबले जाणे, ही दोन कामे बिनदिक्कत चालू असतात. उणीव असते ती मिश्रण पेटवणाऱ्याची. ते काम अन्य कोणी पत्करले, तर इंजिनाला थांबण्याचे काही कारण उरत नाही.

३. ठिणगीवाचून ज्वलन

चुलीतील जाळ विझवला, ज्वाला दिसेनाशी झाली, तरी राखेखाली निखारा असेल तर त्यावर टाकलेले पाचट काडी न लावताच भडकते. सिलिंडरच्या आत असे निखारे अनेक असू शकतात: पिस्टनच्या डोक्यावर किंवा हेडच्या कोपऱ्यात चिकटलेला काजळीचा सुटत आलेला पापुद्रा, जळून धारदार झालेली एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड, चुकीच्या प्रकारच्या प्लगचे तापलेले टोक, किंवा लांब प्लग बसविल्यामुळे ज्वलनकक्षात डोकावणारे त्याचे आटे. इंजिन नेहमीपेक्षा तापले असेल, तर ही ठिकाणे किल्ली काढल्यानंतरही काही काळ इतकी तप्त राहतात की आलेल्या मिश्रणाला त्यांचा स्पर्श पुरतो.

परंतु निखारा हे अर्धेच स्पष्टीकरण झाले. वायू दाबला की तो तापतो, आणि हे तापणे थोडेथोडके नसते. समजा, तापलेल्या इंजिनात शिरणारे मिश्रण ८० अंश सेल्सियसचे आहे आणि पिस्टन त्याला आपल्या मूळ आकारमानाच्या आठव्या हिश्शात दाबतो आहे. उष्णता कोठेही निसटत नाही असे धरले, तर दाबाच्या अखेरीस मिश्रणाचे तापमान ३८० अंशांच्या आसपास पोहोचते. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती यातील काही उष्णता शोषून घेतात, म्हणून आकडा उतरतो. तरीही, प्रयोगशाळेत पेट्रोल २५० ते २८० अंशांच्या सुमारास ठिणगीशिवाय पेटते हे ध्यानात घेतले, म्हणजे आपण स्वयंज्वलनाच्या उंबरठ्यावर किती सहज येऊन पोहोचतो ते कळेल. डिझेल इंजिनात तर ठिणगी नसतेच. तेथे हवाच इतकी दाबली जाते की तिचे तापमान पाचशे अंशांच्या पुढे जाते आणि त्या हवेत उडविलेले तेल आपोआप पेट घेते. किल्ली काढलेले पेट्रोल इंजिन काही क्षण त्या जातीच्या जवळपास वागते, म्हणूनच त्याला ‘डिझेलिंग’ हे नाव पडले.

मग हे रोज, प्रत्येक गाडीत, प्रत्येक वेळी का घडत नाही? याचे उत्तर वेळ आणि भरणा या दोन गोष्टींत आहे, आणि सर्व निदान त्यावरच उभे असल्यामुळे तेथे जरा थांबणे इष्ट ठरेल.

४. मंदगतीचे गणित

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असते तेव्हा पिस्टनला तळापासून माथ्यापर्यंत जाण्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. ८०० फेऱ्यांच्या मंद चालीत साधारण ०.०३८ सेकंद, आणि किल्ली काढल्यावर गती ३०० फेऱ्यांवर उतरली की पूर्ण ०.१ सेकंद. मिश्रण तापले म्हणजे तत्क्षणी पेटते असे नाही; पेट घेण्यापूर्वी त्याला काही अवधी हवा असतो. वेगवान इंजिनात तो अवधी मिळत नाही, मंदावलेल्या इंजिनात मिळतो. धडधड नेहमी कमी गतीवरच ऐकू येते ती यामुळे. चार सिलिंडरचे इंजिन ८०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे २७ ठोके देते, ते कानाला सलग वाटतात. ३०० फेऱ्यांवर दहाच पडतात, आणि तेही काही सिलिंडर पेटतात, काही पेटत नाहीत, म्हणून गाडी हादरते.

आता भरणा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कार्बोरेटरच्या तळाशी असलेली थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटते आणि तिच्या पलीकडे, मॅनिफोल्डमध्ये, विरळता उत्पन्न होते. बाहेरच्या हवेचा दाब पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटर उंचीइतका धरला आणि मॅनिफोल्डमधील विरळता ४८ सेंटिमीटरची असली, तर आत उरतो २८ सेंटिमीटर, म्हणजे बाहेरच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक. एवढ्या विरळ मिश्रणात स्वयंज्वलन कठीण, आणि झालेच तर त्यातून मिळणारा जोर पुढचा दाब पार करण्यास अपुरा. म्हणूनच निकोप गाडी किल्लीसरशी निमूट थांबते.

परंतु गती ८०० वरून ३०० वर आली, की त्याच फटीतून आत येणाऱ्या हवेला प्रत्येक खेपेस पावणेतीन पट वेळ मिळतो. ओढ कमी झाल्यामुळे हवा पावणेतीन पट भरत नाही हे खरे; तरी सिलिंडर पहिल्यापेक्षा पुष्कळ भरून दाबला जातो. ही फट किती रुंद आहे यावर आता सर्व काही अवलंबून राहते. ती नियमाप्रमाणे केसाइतकी असेल, तर मंदावलेले इंजिनही उपाशीच राहते आणि थांबते. ती कोणी स्क्रू फिरवून रुंदावून ठेवली असेल, तर ज्या क्षणी मिश्रणाला पेटण्यास अवधी मिळू लागतो, त्याच क्षणी त्याचा भरपूर पुरवठाही होऊ लागतो.

५. आधी विजेला निर्दोष ठरवावे

तपासाची पहिली पायरी म्हणजे हा मामला खरोखरच उष्णतेचा आहे की विजेचा, हे ठरविणे. आणि त्यासाठी प्रथम कान पुरतो. किल्ली काढल्यावर इंजिन पूर्वीच्याच गतीने, समतोल, जणू काही घडलेच नाही असे चालत राहिले, किंवा पहाटेच्या थंड इंजिनातही तोच प्रकार झाला, तर ठिणगी थांबलेलीच नाही असे समजावे. उष्णतेने होणारी धडधड विषम असते, मंद असते आणि तापलेल्या इंजिनातच होते.

कानाची रुजवात टेस्ट लॅम्पने करून घ्यावी. त्याची एक तार गाडीच्या सांगाड्याला आणि दुसरे टोक कॉइलच्या स्विचकडील टर्मिनलला लावावे. अस्तन्या आणि हात फॅन-बेल्टपासून दूर ठेवून हे करावे. किल्ली काढताच दिवा विझला आणि इंजिन तरीही धडधडत राहिले, तर वीज निर्दोष. दिवा जळत राहिला, तर एक तर स्विचच्या आतील संपर्क झिजून चिकटला आहे, किंवा वीज आडवाटेने परत येते आहे.

ही आडवाट डायनॅमोच्या जागी मागाहून अल्टरनेटर बसविलेल्या जुन्या गाड्यांत आढळते. चार्जिंगच्या इशारादिव्याचे एक टोक स्विचला आणि दुसरे अल्टरनेटरला जोडलेले असते. किल्ली काढली तरी फिरता अल्टरनेटर त्या दिव्यातून उलट दिशेने थोडा प्रवाह पाठवतो. पॉइंटवर चालणाऱ्या कॉइलला तीन-चार अँपिअर लागत असल्याने हा प्रवाह सहसा तिला पुरत नाही. पण कॉइलसाठी रिले किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविले असेल, तर ते तेवढ्यावरही तग धरते. इशारादिव्याच्या तारेत योग्य दिशेने एक डायोड घातला की हा मार्ग बंद होतो. हेड खोलून काजळी काढल्यावरही गाडी थांबत नाही आणि शेवटी दोष या एका तारेत निघतो, असा अनर्थ टाळण्यासाठीच ही चौकशी सर्वांत आधी करावयाची.

६. स्लोचा स्क्रू आणि त्याच्याआड दडलेले दोष

वीज निर्दोष ठरली म्हणजे मिनिटागणिक फेरे मोजणारा मीटर लावून, इंजिन पूर्ण तापल्यावर आणि चोक पूर्ण आत असताना, मंद चाल मोजावी. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याहून ती शंभर-दीडशेने जरी अधिक निघाली, तरी बहुधा धागा हाती लागला. प्रथम साध्या गोष्टी पाहाव्यात: ॲक्सिलरेटरची तार किंवा दांडी कोठे अडकते काय, तिची परतीची स्प्रिंग सैल झाली आहे काय, चोक सोडल्यावरही थ्रॉटल किंचित उघडा राहतो काय. यांतील काही नसेल, तर मंद चालीसाठी थ्रॉटलची फट ठरविणारा, म्हणजे स्लोचा, स्क्रूच आत पिळलेला आहे.

येथे घाईने तो स्क्रू परत फिरवू नये. त्याला कोणी विनाकारण पिळत नाही. इंजिन मंद चालीत बंद पडू लागले म्हणूनच कोणीतरी तो पिळला असणार. ते बंद का पडू लागले, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचा खुलासा होत नाही तोवर स्क्रू सैल करण्याने धडधड जाईल, पण गाडी प्रत्येक चौकात बंद पडेल.

समजा, एका पद्मिनीत पॉइंटची फट नियमानुसार ०.४५ मिलिमीटर ठेवली होती. डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर घासणारी पॉइंटची टाच हळूहळू झिजत गेली आणि काही हजार किलोमीटरनंतर ती फट ०.३० वर आली. फट कमी म्हणजे पॉइंट उशिरा उघडणार, आणि पॉइंट उशिरा उघडले म्हणजे ठिणगी उशिरा पडणार. उशिरा पेटलेले मिश्रण पिस्टन बराच खाली गेल्यावर जळते. त्याचा जोर पूर्ण वापरला जात नाही, आणि जी शक्ती चाकांकडे जावयाची ती उष्णतेच्या रूपाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि हेड तापवीत बाहेर पडते. जोर घटल्यामुळे मंद चाल ८०० वरून साडेसहाशेवर येते, इंजिन डळमळू लागते, मालक तक्रार करतो, आणि गॅरेजात दोन मिनिटांत स्लोचा स्क्रू पिळून चाल पुन्हा नऊशेवर आणली जाते. मालकाचे समाधान होते. परंतु या दुरुस्तीने इंजिनात दोन गोष्टी एकत्र आल्या: उशिरा पडणाऱ्या ठिणगीने वाढलेली उष्णता आणि रुंदावलेल्या फटीने वाढलेला भरणा. हिवाळाभर काही जाणवत नाही. चैत्र उजाडतो, पहिला मोठा प्रवास होतो, आणि दारात उभी राहिलेली गाडी थांबण्याचे नाकारते. तोवर त्या स्क्रूची आठवण कोणालाही राहिलेली नसते, आणि काजळीवर आळ येतो.

म्हणून दुरुस्तीचा क्रम बदलता कामा नये. आधी पॉइंटची फट फीलर गेजने नियमित करावी. मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, कारण फट बदलली की टायमिंग बदलते, पण टायमिंग बदलल्याने फट बदलत नाही. आणि सर्वांत शेवटी स्लो. टायमिंग पाहताना, विरळतेच्या ओढीने ठिणगी अलीकडे आणणाऱ्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि स्ट्रोब दिव्याच्या उजेडात पुलीवरील खूण पाहावी. मग ती नळी जोडताना त्या ॲडव्हान्समधील पडद्याची परीक्षाही करावी: नळी तोंडाने ओढली असता डिस्ट्रिब्युटरच्या आतील तबकडी सरकली पाहिजे, आणि जिभेने नळी बंद धरली तर ती तशीच राहिली पाहिजे. पडदा फाटलेला असेल, तर तबकडी सरकत नाही आणि त्यातून शिरणारी हवा मिश्रणही पातळ करते, म्हणजे नुकसानी दुहेरी होते.

फुकटची हवा शिरण्याच्या अन्य जागा म्हणजे कार्बोरेटरखालचे गॅस्केट, मॅनिफोल्डचे सांधे आणि तडा गेलेल्या रबरी नळ्या. मंद चालीत इंजिन चालू ठेवून या सांध्यांवर थोडे साबणाचे पाणी लावावे. ज्या सांध्यावर ते शोषले जाऊन चाल बदलते, तेथे गळती आहे. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी पेट्रोल किंवा ज्वालाग्राही फवारा वापरून ही परीक्षा करणे धोक्याचे आहे, हे येथे स्पष्टपणे बजावले पाहिजे.

माझा अनुभव असा की या क्रमाने गेल्यास निम्म्याहून अधिक गाड्या याच पायरीवर सुधारतात, आणि त्यांना स्पॅनरपेक्षा फीलर गेजच अधिक उपयोगी पडतो.

७. उष्णता, प्लग आणि पेट्रोल

स्लो, टायमिंग आणि सांधे नियमात येऊनही धडधड राहिली, तर इंजिन मुळातच अधिक तापते काय ते पाहावे. सैल फॅन-बेल्ट, क्षारांनी बुजलेला रेडिएटर, उघडण्यास दिरंगाई करणारा थर्मोस्टॅट, हे नेहमीचे अपराधी आहेत. शिवाय किल्ली काढताच पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही थांबतात, आणि हेडमध्ये साठलेली उष्णता जागच्या जागी राहते. म्हणून घाट चढून आल्यावर इंजिन अर्धा-एक मिनिट मंद चालू ठेवून मग बंद करावे, ही जुन्या चालकांची पद्धत सर्वथा शास्त्रशुद्ध आहे.

प्लगच्या बाबतीत एक घोटाळा पुष्कळांना ठाऊक नसतो. प्लग ‘गरम’ असतात आणि ‘थंड’ असतात. गरम प्लगचे टोक उष्णता धरून ठेवते, थंड प्लगचे ती लवकर हेडकडे सोडते. हा गुण प्लगवरील आकड्याने दाखविला जातो, परंतु त्याची दिशा प्रत्येक कंपनीची वेगळी: एनजीकेच्या प्लगवर आकडा चढला की प्लग थंड होतो, तर बॉश आणि चॅम्पियनच्या प्लगवर आकडा चढला की तो गरम होतो. एका कंपनीचा प्लग काढून दुसऱ्या कंपनीचा त्याच आकड्याचा घेणाऱ्याने सिलिंडरमध्ये स्वहस्ते निखारा बसविला असण्याचा संभव आहे. काढलेल्या प्लगचे टोक फिक्या तपकिरी रंगाचे असेल तर ठीक. ते पांढरेफटक, खरवडल्यासारखे दिसले तर तेथे फाजील उष्णता आहे.

पेट्रोलविषयी थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज अनेक आहेत. दाबाखाली स्वतःहून न पेटण्याची इंधनाची क्षमता ‘ऑक्टेन’ या मापाने सांगतात: आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० असे मूल्य देऊन, त्यांच्या मिश्रणाशी पेट्रोलची तुलना केली जाते. १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले, आणि ते अल्प प्रमाणात मिसळून ऑक्टेन वाढविण्याची प्रथा जगभर रूढ झाली. शिशाचे विष ध्यानी आल्यावर ती हळूहळू बंद झाली. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले. त्यानंतर जुन्या गाड्यांची धडधड वाढली असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु शिशाची उणीव तेलशुद्धीकरण कारखान्यांनी अन्य मार्गांनी भरून काढली, तेव्हा केवळ त्यावर दोष ढकलता येत नाही. रॉकेलची भेसळ मात्र खरोखर घातक आहे, कारण रॉकेलचे ऑक्टेन अतिशय नीच असते. संशय असेल तर टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्यावी आणि दुसऱ्या, विश्वासाच्या पंपावर उच्च ऑक्टेनचे पेट्रोल भरावे. त्याने धडधड स्पष्टपणे कमी झाली, तर ती इंजिनाची एक उपयुक्त जबानी समजावी. महाग पेट्रोल हा कायमचा इलाज नव्हे.

८. परदेशी गाड्यांतील तजवीज

हा विकार एकेकाळी अमेरिकेत फार बोकाळला, आणि त्याचे कारण वरील सर्व विवेचनाचा चांगला दाखला आहे. १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर धूर कमी करण्यासाठी तेथील कारखान्यांनी मिश्रण पातळ केले, ठिणगी उशिरा केली आणि मंद चाल वाढविली. ज्या तीन गोष्टी एरवी दुर्लक्षाने घडतात, त्या तेथे आखून घडविल्या गेल्या, आणि किल्ली काढल्यावर धडधडणाऱ्या गाड्यांची रांग लागली. त्यावर दोन उपाय निघाले. एकात स्लोच्या स्क्रूच्या जागी विजेवर चालणारा सोलेनॉइड ठेवला. किल्ली काढताच तो मागे सरकतो आणि थ्रॉटल पूर्ण मिटतो. दुसऱ्यात मंद चालीच्या जेटवरच सोलेनॉइड बसवून पेट्रोल तोडले जाते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एमजीबीसारख्या ब्रिटिश गाड्यांवर आणखी वेगळी युक्ती होती: किल्ली काढल्यावर जोवर इंजिनात ऑइलचा दाब आहे, म्हणजे जोवर ते फिरते आहे, तोवर एक झडप मॅनिफोल्डमधील विरळता कार्बोरेटरच्या फ्लोट-चेंबरला जोडते, आणि त्यामुळे जेटमधून पेट्रोल वर चढतच नाही.

आपल्या गाडीच्या कार्बोरेटरवर असा सोलेनॉइड असेल, तर इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी आणि कान जवळ न्यावा. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर तार, आणि तार ठीक असेल तर सोलेनॉइड बदलावा. पेट्रोल तोडणाऱ्या सोलेनॉइडची सुई काढून टाकून गाडी चालू करून देण्याची तात्पुरती दुरुस्ती काही ठिकाणी केली जाते, तीही या धडधडीचे एक छुपे कारण होते.

९. तूर्त गाडी थांबवावी कशी

निदान होईपर्यंत गाडी धडधडत ठेवणे बरे नव्हे. या विषम ठोक्यांत पिस्टन वर जात असतानाच मिश्रण पेटू शकते, बेअरिंगांवर आघात होतात, आणि शेवटच्या झटक्यात क्रँकशाफ्ट क्षणभर उलटही फिरू शकतो. यावर जुना आणि निर्धोक उपाय असा: ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गियरमध्ये, क्लच हळूहळू सोडावा, इंजिन ओझ्याखाली दबून थांबते. समोर भिंत किंवा माणूस नाही याची खात्री मात्र आधी करावी. ॲक्सिलरेटर दाबून थंड हवा आत घेण्याचा सल्लाही दिला जातो, परंतु ज्या कार्बोरेटरला ॲक्सिलरेटर पंप आहे त्यात प्रत्येक दाबासरशी पेट्रोलची पिचकारी आत जाते, तेव्हा तो सरसकट मानू नये.

डिझेल गाडीचा प्रश्न निराळा आहे. तिला बंद करण्यासाठी पंपाचे तेल तोडावे लागते, आणि ते तोडणारी दांडी किंवा सोलेनॉइड बिघडला तर ती मंद चालत राहते, इतकेच. परंतु झिजलेल्या डिझेल इंजिनात स्वतःचेच ऑइल हवेच्या मार्गाने आत ओढले गेले, तर त्याची गती आवरेनाशी होऊन ते मोडेपर्यंत धावते; तेव्हा बाजूला राहून त्याची हवा बंद करणे, हाच मार्ग उरतो.

१०. काजळीची पाळी

वरील सर्व तपास होऊनही धडधड कायम राहिली, तरच काजळीकडे वळावे. लहान लहान फेऱ्या, अतिघट्ट मिश्रण, झिजलेल्या रिंगा आणि व्हॉल्व्ह-गाइडमधून झिरपणारे ऑइल यांनी ती वाढते, आणि निखारा होण्यापलीकडे ती आणखी एक उपद्रव करते: ज्वलनकक्षातील जागा व्यापते. पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला सुमारे २७२ सीसी येतात. हिशेबासाठी दाबाचे प्रमाण ८ धरले, तर माथ्यावर उरणारी जागा सुमारे ३९ सीसी होते. तीत २ सीसी काजळी बसली की ३७ उरतात, आणि प्रमाण जवळजवळ ८.४ होते. पेट्रोल तेच, टायमिंग तेच, आणि दाब मात्र कारखान्याने ठरविल्यापेक्षा अधिक.

हेड खोलल्यावर खरवडण्यासाठी कठीण लाकडाची पट्टी वापरावी. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर पोलादी हत्यार त्याला लावू नये. पिस्टनच्या अगदी कडेची काजळीची अरुंद कडा तशीच ठेवावी असे जुन्या पुस्तिका सांगतात, कारण जुन्या इंजिनात ती ऑइल वर येण्यास अडथळा करते. व्हॉल्व्हच्या धारदार कडा आणि कक्षात डोकावणारी गॅस्केटची कड यांची बारकाईने पाहणी करावी. प्लगचे आटे हेडच्या आतील पृष्ठभागाच्या बाहेर येतात काय, हे त्याच वेळी प्लग बसवून पाहण्याची सोय असते, आणि ती सहसा कोणी घेत नाही. काजळी ओलसर, तेलकट असेल तर गाइड आणि रिंगा तपासल्याशिवाय हेड परत चढवू नये. ती काही महिन्यांत पुन्हा तेवढीच जमेल. गॅस्केट नवीनच घालावे, नट मधून बाहेर या क्रमाने टॉर्क-रेंचने आवळावेत, टॅपेट लावावेत, आणि इंजिन पूर्ण तापवून पॉइंट, टायमिंग व स्लो पुन्हा त्याच क्रमाने बसवावेत. काही शे किलोमीटर चालल्यानंतर हेडचे नट आणि टॅपेट यांची आणखी एकदा तपासणी करावी, कारण नवे गॅस्केट तोवर दबून बसलेले असते.